कुरंगांच्या कळपांतील साथी व त्यांचा शोध

सातारा व सांगली या जिल्ह्यांचा पश्चिमेकडील भाग सह्याद्रीच्या पावसानें हिरवागार असतो. परंतु पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूंस जसजसें जावें, तसतशी झाडी विरळ होत जाते आणि अखेर आंखूड गवताचें उघडें माळरान लागतें. या माळांवर धनगरांच्या मेंढरांचे कळप चरतात. दख्खनच्या अशाच माळरानांत काळवीट व चिंकारा यांचेंही घर आहे. गवत एकच, पाणवठा एकच आणि पाऊलवाटही बहुधा एकच. माणसाच्या दृष्टीनें या दोन कळपांत मोठें अंतर आहे. एक जनावर बाजारांत विकलें जातें आणि दुसऱ्यास कायद्याचें संरक्षण असतें. रोगजंतूस मात्र हें अंतर दिसत नाहीं. रानांतील कळपांत एकाएकीं मृत्यूचें थैमान सुरू झालें, तर त्याचें कारण शास्त्रज्ञ कसें शोधून काढतात, याची थोडी माहिती या लेखांत द्यावयाची आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करणें जरूर आहे. 'हरिण' हा शब्द आपण सैलपणें वापरतों. पण प्राणिशास्त्रांत दोन कुळें निराळीं मानिलीं आहेत. सांबर, चितळ, भेकर हीं खरीं हरिणें. त्यांच्या नरांचीं शिंगें भरीव व फांटे फुटलेलीं असतात आणि तीं ठराविक काळानें गळून पडून पुन्हां नवीं येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा व नीलगाय हे कुरंग होत. त्यांचें शिंग आंतून पोकळ असून हाडाच्या खुंटीवर टोपण बसवावें तसें बसलेलें असतें. त्यास फांटा फुटत नाहीं आणि तें जन्मभर टिकतें. आतां आपल्या गोठ्यांतील गाईचें किंवा शेळीचें शिंग आठवून पहा. तेंही तसेंच! कारण गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि कुरंग हीं सर्व एकाच कुळांतील भावंडें आहेत. शेळीचा किंवा म्हशीचा आजार काळविटास इतक्या सहज कां होतो, याचें उत्तर पुष्कळसें या शिंगांतच आहे.

काळवीट हा आज जागतिक यादीप्रमाणें धोक्यांत असलेला प्राणी गणला जात नाहीं. चौशिंगा मात्र तसा गणला जातो. पण पाकिस्तान व बांगला देश येथील रानांतून काळवीट नाहींसा झालेला आहे, आणि आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टांत ठेविलें आहे. त्याचे कळप आतां शेतें, रस्ते व गांवें यांनीं वेढलेल्या लहान लहान तुकड्यांत उरले आहेत. मोठ्या समुद्रांत एखादी लाट आली तरी समुद्र रहातो. डबक्याचें तसें नसतें.

याचें एक उदाहरण अगदीं आपल्या शेजारचें आहे. ज्या महामार्गावर सातारा व कऱ्हाड हीं शहरें आहेत, तोच पुढें दक्षिणेस बेळगांवास जातो. त्या बेळगांवाजवळ भूतरामनहट्टी येथें कित्तूर राणी चन्नम्मा यांच्या नांवाचें प्राणिसंग्रहालय आहे. २०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत तेथील काळविटांच्या कळपावर असा घाला पडला कीं, थोड्याच दिवसांत ३१ काळवीट मरण पावले आणि त्या कळपांतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक राहिले. विष, खाद्य, भीति असे सर्व संशय लोकांच्या मनांत येणें स्वाभाविक होतें. तपासाअंतीं रोगाचें जें नांव निघालें, तें ऐकून आपल्या भागांतील कोणाही शेतकऱ्यानें मान हलविली असती. तो रोग होता घटसर्प.

घटसर्प हा आपल्याकडे म्हशींचा व गाईंचा जुना शत्रु आहे. पावसाळ्याच्या तोंडीं जनावरास एकाएकीं जोराचा ताप भरतो, गळा सुजतो, श्वास घुरघुरूं लागतो आणि पुष्कळदां दिवस मावळण्यापूर्वींच सारें संपतें. (लहान मुलांस होणाऱ्या घशाच्या एका रोगासही मराठींत घटसर्पच म्हणतात, परंतु त्याचा जंतु निराळा आहे. दोहोंचा घोंटाळा करूं नये.) जनावरांतील घटसर्पाच्या जंतूचें शास्त्रीय नांव पाश्चुरेला मल्टोसिडा असें आहे. पाश्चुरेला हें नांव थोर फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्यावरून पडलें. १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या पटकीचा अभ्यास करीत असतां त्यांनीं ज्या जंतूवर काम केलें, तो याच जातीचा होता. आणि त्याची जुनी, मंद झालेली पैदास टोंचली असतां कोंबड्या मरत नाहींत, उलट पुढील रोगापासून वांचतात, हा शोध त्यांस त्या वेळींच लागला. मल्टोसिडा या लॅटिन शब्दाचा अर्थ 'अनेकांस मारणारा' असा आहे. नांव सार्थ आहे.

आतां तपास कसा होतो तें पाहूं. साथीचा शोध करणारा पशुवैद्य प्रेताकडे धांवत नाहीं. तो आधीं दूर उभा राहून पाहतो. किती मेलीं? कोठें कोठें पडलीं? एकाच दिवशीं मेलीं, कीं रोज थोडीं थोडीं? नर अधिक, कीं माद्या, कीं पाडसें? आणि, हा प्रश्न बहुतेकांस सुचत नाहीं, कोण मेलें नाहीं? शेजारच्या शेळ्या धडधाकट आहेत काय? मेलेल्या जनावरास खाणारे कुत्रे व गिधाडें जिवंत आहेत काय? तीं मरून पडलेलीं आढळलीं, तर संशय रोगाकडून विषाकडे वळतो. सर्व प्रेतें एका पाणवठ्याभोंवतीं असलीं तर पाणी तपासावें लागतें. मृत्यु एकामागून एक, कांहीं दिवसांच्या अंतरानें होत गेले, तर एकापासून दुसऱ्यास लागण होत आहे असें दिसतें. सारेच एका रात्रींत पडले, तर त्या रात्रीं सर्वांस एकदम काय भोंवलें याचा विचार करावा लागतो. नुसत्या नकाशावर टिंबें काढून व त्यांपुढें तारखा लिहून निम्मा शोध लागतो, असें म्हटलें तरी अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्यानंतर प्रेताची पाळी. तेथेंही एक कडक नियम आहे. प्रेत फाडण्यापूर्वीं कानाच्या शिरेंतून रक्ताचा एक थेंब घेऊन कांचेच्या पट्टीवर पसरावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पहावयाचा. याचें कारण फाशी नांवाचा भयंकर रोग. या रोगांत प्रेत लवकर फुगतें आणि नाकातोंडांतून काळसर, न गोठणारें रक्त वाहतें. फाशीचा जंतु बंद प्रेतांत कुजण्याबरोबर बहुतांशीं नष्ट होतो. पण प्रेत फाडलें कीं त्यास हवा मिळते आणि मग तो आपल्याभोंवतीं असें कठीण कवच करतो कीं, त्या मातींत तो अनेक वर्षें जिवंत राहूं शकतो. अशा वेळीं उतावीळपणें सुरी चालविणारा मनुष्य स्वतःचा जीव तर धोक्यांत घालतोच, शिवाय तो माळ पुढील कित्येक कळपांस घातक करून ठेवितो. रक्ताच्या त्याच पट्टीवर घटसर्पाचा जंतुही ओळखूं येतो. रंग दिल्यावर तो दोन्ही टोकांस गडद व मधें फिका दिसतो.

फाशी नाहीं अशी खात्री झाली म्हणजे प्रेत उघडतात. फुप्फुस, काळीज, प्लीहा, आंतडीं यांचे लहान तुकडे घेऊन कांहीं बर्फांत ठेवितात, कांहीं फॉर्मॅलिनच्या द्रवांत. बर्फांतील तुकड्यांतून जंतूंची पैदास करितां येते. द्रवांतील तुकड्यांचे पातळ काप करून रोगानें शरीराची काय नासधूस केली तें पाहतां येतें. रानांतील प्रेत ताजें मिळेल असा भरंवसा नसतो. उन्हाळ्यांत दोन दिवसांचें प्रेत म्हणजे केवळ दुर्गंधीचा गोळा. अशा वेळीं पशुवैद्य मांडीचें लांब हाड काढून घेतो. कारण त्याच्या आंतील मगजांत कुजण्याची क्रिया उशिरां पोंचते आणि घटसर्पाचा जंतु तेथें बराच काळ टिकून राहतो. एका हाडावरून साऱ्या कळपाच्या मृत्यूचें कारण ठरावें, ही गोष्ट आम्हांस तरी मोठी आश्चर्याची वाटते.

जिवंत राहिलेल्या काळविटांस पकडून त्यांचें रक्त तपासणें हें त्याहून कठीण. काळवीट स्वभावतः इतका भित्रा कीं, पकडतांना झालेल्या धांवपळीनें व धसक्यानें त्याचे स्नायु आंतून झिजून तो पुढें मरण्याची भीति असते. म्हणून रानांतील रोग्यास औषध पाजणें किंवा लस टोंचणें या गोष्टी गोठ्यांतल्याइतक्या सोप्या नाहींत.

पण जंतु सांपडला म्हणजे शोध संपला काय? येथेंच या विद्येंतील खरी अडचण आहे, आणि ती समजण्यास आपणांस मध्य आशियांतील कझाकस्तान देशांत जावें लागेल. तेथील अफाट गवताळ प्रदेशांत सैगा नांवाचा मेंढीएवढा कुरंग राहतो. त्याचें नाक लहानशा सोंडेसारखें लोंबतें. धूळ गाळण्यास व हिंवाळ्यांत थंड हवा ऊन करण्यास तें त्याच्या उपयोगी पडतें. शिंगांच्या लोभानें झालेल्या शिकारीमुळें ही जात फार खालावली होती आणि २००२ पासून ती अत्यंत धोक्यांतील जातींत गणली जात होती. २०१५ च्या मे महिन्यांत माद्या विण्यासाठीं एकत्र जमल्या असतां त्यांची मोजदाद करण्यास स्टेफेन झूथर यांची तुकडी बेतपाक-दला या प्रदेशांत गेली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत माद्या अशक्त होऊन कोसळूं लागल्या, कांहीं तासांत मरूं लागल्या आणि त्यांच्यामागून त्यांचीं पाडसें. तीन आठवड्यांच्या आंत दोन लक्षांहून अधिक सैगा मेले. जगांत त्या वेळीं जेवढे सैगा होते, त्यांपैकीं निम्म्याहून अधिक ते होते.

तर्कांस ऊत आला. जवळच बैकानूर येथून अग्निबाण आकाशांत सोडले जातात; त्यांच्या इंधनाचें विष पडलें असेल, असें कोणी म्हणालें. कोणी विषारी वनस्पतींवर ठपका ठेविला. लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतील रिचर्ड कॉक आणि निरनिराळ्या देशांतील त्यांचे सहकारी यांनीं प्रेतें, माती, पाणी, गवत, हवामान या सर्वांचा कसून तपास केला. विषाचा पुरावा मिळाला नाहीं. नव्या विषाणूचा मिळाला नाहीं. मिळाला तो आपला ओळखीचा पाश्चुरेला मल्टोसिडा आणि त्यानें केलेला घटसर्प.

परंतु कोडें सुटलें नाहीं, उलट वाढलें. मेलेले कळप एकमेकांपासून शेंकडों मैल दूर होते आणि तरी ते जवळजवळ एकाच वेळीं मेले. एका जनावरापासून दुसऱ्यास लागत लागत जाणारा रोग असा उड्या मारीत नाहीं. त्यास वाटेंत दिवस लागतात. शिवाय हा जंतु निरोगी जनावराच्या घशांतही निरुपद्रवीपणें राहूं शकतो. अर्थात् चोर बाहेरून आला नव्हता, तो घरांतच झोंपलेला होता. प्रश्न इतकाच कीं त्यास जागें कोणीं केलें? हवामानाच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हां असें दिसलें कीं, साथीपूर्वींच्या दिवसांत त्या प्रदेशांतील हवा नेहमींपेक्षां बरीच दमट व उबदार होती. आणि १९८१ व १९८८ सालीं सैगांचे असेच सामुदायिक मृत्यु झाले, त्या वेळींही तोच प्रकार होता. दमटपणामुळें निजलेला जंतु नेमका कसा उठतो, हें शास्त्रास अद्याप पूर्णपणें उकललेलें नाहीं. आपल्याकडील शेतकरी मात्र घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वींच टोंचून घेतो. त्याच्या अनुभवांत आणि कझाकस्तानच्या त्या नोंदींत कांहीं नातें आहे, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं.

सैगांच्या नशिबानें त्यांची मादी बहुधा जुळीं देते, आणि तेथील सरकारनें शिकारीस आळाही घातला. २०१६ सालीं कझाकस्तानांत सुमारें एक लक्ष सैगा मोजले गेले होते. २०२४ सालीं ती संख्या अठ्ठावीस लक्षांच्या घरांत गेली. २०२३ अखेर जागतिक यादींतही सैगाची पायरी बरीच वर चढविण्यांत आली. काळविटाच्या मादीस एका वेळीं बहुधा एकच पाडस होतें, आणि त्यास पसरावयास तसा अफाट प्रदेशही नाहीं.

सैगांचीच दुसरी एक गोष्ट आहे, व ती शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या पालकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावी. मंगोलिया देशांत सैगांची एक लहान, वेगळी उपजात आहे. २०१६ सालीं तेथील शेळ्यामेंढ्यांत पी. पी. आर. हा रोग शिरला. आपल्याकडे यास 'शेळ्यांचा प्लेग' असेंही म्हणतात. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडांत फोड व हगवण हीं त्याचीं लक्षणें. सरकारनें लाखों जनावरांस लस टोंचली. तरीही थोड्या महिन्यांतच तो रोग सैगांत पोंचला आणि हजारों सैगा मेले. येथें चोर बाहेरूनच आला होता, आणि तो पाळीव कळपाच्या पावलांनीं आला. भारतांत हा रोग प्रथम १९८७ सालीं तामिळनाडूंत ओळखला गेला व आतां तो महाराष्ट्रांतही आढळतो. त्यावर चांगली लस आहे. एकदां टोंचली असतां सुमारें तीन वर्षें तरी संरक्षण मिळतें. जतच्या माडग्याळ जातीच्या मेंढीस टोंचलेली लस ही मेंढपाळाच्या पोराबाळांचें अन्न तर वांचवितेच. पण जेथें जेथें काळवीट व चिंकारा मेंढरांच्या वाटेवर चरतात, तेथें त्यांचेंही रक्षण करिते. रानांतील जनावर पकडून टोंचतां येत नाहीं, म्हणून त्याच्या शेजाऱ्यास टोंचावयाचें, असा हा उपाय आहे.

तो सफल होतो याला आधार आहे. बुळकांडी हें नांव आतां तरुण शेतकऱ्यांच्या कानांवरूनही गेलें नसेल. पण आपल्या पणजोबांच्या काळीं या रोगानें गोठेच्या गोठे रिकामे होत. १८९० च्या सुमारास तो आफ्रिकेंत पसरला, तेव्हां गाईबैलांबरोबर रानरेडे, ईलंड व कुडू यांसारखे कुरंगही बेसुमार मेले. आपल्या देशांत या व इतर पशुरोगांचा शोध करण्यासाठीं १८८९ सालीं जी प्रयोगशाळा स्थापन झाली, ती आपल्या पुण्यास. पुढें १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. असले जंतु गर्दीच्या शहरापासून दूर असणेंच बरें. प्लेगच्या तपासासाठीं १८९७ सालीं मुंबईस आलेले जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांनीं त्या प्रयोगशाळेस भेट दिली होती. अनेक दशकें गांवोगांव गाईबैलांस लस टोंचण्यांत गेलीं. २००६ सालीं भारत व २०११ सालीं सारें जग बुळकांडीपासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. या लढाईंत रानांतील कुरंगांस कोणी लस टोंचीत बसलें नव्हतें. गोठ्यांतील रोग गेला, तसा रानांतीलही गेला.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरतें बोलावयाचें, तर सांगली जिल्ह्यांतील सागरेश्वर येथें या प्रश्नाचें एक निराळें रूप दिसतें. तेथील उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते या वृक्षप्रेमी देशभक्तानें लोकांच्या साह्यानें झाडें वाढविलीं, पुढें त्यांत सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले गेले, आणि १९८५ सालीं त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचें क्षेत्रफळ अवघें १०.८७ चौरस किलोमीटर आहे. माणसानें केलेलें असें रान आपल्या देशांत विरळा. पण लहान जागेंत राहणारा कळप साथीच्या वेळीं दूर पळून जाऊं शकत नाहीं. म्हणून अशा ठिकाणीं रोज फेरी घालणाऱ्या वनरक्षकाची नजर हीच पहिली प्रयोगशाळा होय. एखादा काळवीट कळपाच्या मागें राहतो, मान खालीं घालून उभा असतो, हें ज्याच्या ध्यानांत आलें त्यानें दोन दिवस वांचविले. आणि घटसर्पांत दोन दिवस म्हणजे सर्व कांहीं. रोग अंगांत पुरता भिनल्यावर औषध फारसें चालत नाहीं.

पुढील तपासासाठींही आपणांस दूर जावयास नको. सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथें क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नांवाचें पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि पुण्यास औंध येथें पशुरोगांचा तपास करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. ज्या मुलांस शास्त्राची आवड आहे व रक्त पाहून घेरी येत नाहीं, त्यांनीं बारावीनंतर शिरवळचा विचार अवश्य करावा. डॉक्टर व इंजिनिअर यांखेरीज जगांत दुसरे धंदेच नाहींत, असा आपल्या पालकवर्गाचा समज कां आहे न कळे.

शेवटीं, माळावर किंवा रानांत मेलेला काळवीट, चिंकारा अथवा दुसरें कोणतेंही वन्य जनावर आढळलें तर काय करावें? त्यास हात लावूं नये. शिंगें वा कातडें घेण्याचा मोह धरूं नये. तो कायद्यानें गुन्हा आहे आणि फाशीच्या रोगांत जीवावरचा खेळ आहे. आपल्या शेळ्या व कुत्रीं तेथून दूर न्यावीं. जागा, वेळ, प्रेतांची संख्या, नाकातोंडांतून रक्त आलें आहे कीं फेंस, जवळ पाणी कोठें आहे, एवढें वहींत टिपून घ्यावें आणि वनखात्यास कळवावें. त्यासाठीं महाराष्ट्रांत १९२६ या क्रमांकावर फुकट दूरध्वनि करितां येतो. आपल्या गोठ्यांतील जनावर आजारी असेल तर पशुसंवर्धन खात्याचा क्रमांक १९६२ आहे. दोन्ही क्रमांक इतिहासांतील सनांसारखे दिसतात, तेव्हां सन पाठ करण्याची संवय असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांस ते लक्षांत ठेवणें जड जाऊं नये.